बोलतंय कोण आणि कुणाशी: गीतरामायणात गदिमांनी नेमकं काय केलं

मागच्या महिन्यात एका संगीतकार मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर चाल पाठवली, ४० सेकंदांची, त्यात तोच "ला ला ला, ना ना ना" गातोय आणि खाली मेसेज, "संध्याकाळपर्यंत शब्द टाक ना ह्यात." टाक! जसं काही भाजीत मीठ टाकायचंय. मी अधूनमधून जिंगल्स आणि मालिकांची शीर्षकगीतं लिहिते त्यामुळे ह्या "टाक"ची सवय आहे, शब्द टाकलेही, पण नंतर दोन दिवस डोक्यात तेच की गीतकार गाण्यात नक्की करतो काय? चाल संगीतकाराची, आवाज गायकाचा, मग आपलं काय, फक्त जागा भरणं? ह्याचं उत्तर शोधायला मला एकच केस पुरेशी वाटते, कारण ती आईच्या कॅसेटपासून माझ्या कानात आहे आणि तिच्याबद्दल कितीही बोललं तरी गीतकाराबद्दल कमीच बोललं जातं. गीतरामायण.

आधी परिस्थिती काय होती ते सांगते. साल १९५५. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे अगदीच नवं. तिथे सीताकांत लाड होते, गदिमांचे म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे मित्र, त्यांनी गदिमांना सांगितलं की रेडिओसाठी काहीतरी वर्षभर चालेल असं लिही. त्यातून ठरलं ते असं, की रामनवमी ते रामनवमी, दर आठवड्याला एक गाणं, रामायणातला एक एक प्रसंग. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं म्हणजे बाबूजींचं. पहिलं गाणं १ एप्रिल १९५५ ला, शुक्रवार आणि रामनवमी एकाच दिवशी. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला पंधरा मिनिटं, आणि तेच गाणं शनिवारी आणि रविवारी परत. ठरली होती ५२ गाणी, पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि वर्षच लांबलं, म्हणून झाली ५६. म्हणजे पंचांगाने गीतकाराला चार गाण्यांचं जास्तीचं काम लावलं, आणि ह्याची तक्रार कुणाकडे करणार!

आता तुम्ही गदिमांच्या जागी बसून बघा. गोष्ट सगळ्यांना माहिती आहे. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येक आजीला तुमच्या आधीपासून पाठ आहे. चित्र नाही, पडदा नाही, नट दिसत नाहीत, फक्त एक लाकडी खोका आणि त्यातून येणारा आवाज. एका वेळी एकच गाणं, मग आठवडाभर गॅप, आणि पुढच्या शुक्रवारी कोणी नव्याने ऐकायला बसला तर त्यालाही कळलं पाहिजे आपण गोष्टीत कुठे आहोत. निवेदक थोडं सांगणार, पण मुख्य ओझं गाण्यावरच. आणि दर आठवड्याला डिलिव्हरी. माझा मित्र संध्याकाळपर्यंत मागतो तर मी चिडते, इथे हा माणूस वर्षभर दर आठवड्याला देत होता, आणि सोबत सिनेमाची कामंही चालू होती.

सिनेमाचं मुद्दाम काढलं, कारण माझ्या मते खरी किल्ली तिथेच आहे. गदिमा नुसते गीतकार नव्हते, पटकथा-संवाद लिहिणारे होते, सिनेमात कामंही केलेली. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या 'दो आंखें बारह हाथ'चं लेखन त्यांचंच. म्हणजे प्रसंग समोर आला की ह्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न "काय वर्णन करू" हा येत नसणार, "आत्ता बोलतंय कोण आणि कुणाशी" हा येत असणार. मला असं का वाटतं? ५६ गाण्यांच्या पहिल्या ओळी एका कागदावर लिहून काढा, मी काढल्या एका रविवारी, चहा गार झाला तोवर. दशरथा, घे हे पायसदान. मार ही ताटिका रामचंद्रा. नको रे जाऊ रामराया. थांब सुमंता. नकोस नौके परत फिरू. या इथे लक्ष्मणा बांध कुटी. सूड घे त्याचा लंकापति. याचका थांबु नको दारात. सेतू बांधा रे सागरी. मज सांग लक्ष्मणा.

दिसलं का? घे, मार, थांब, बांध, नको, सांग. हुकूम, विनवणी, अडवणं. आणि बहुतेक ठिकाणी समोरच्याला हाक. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी करायला सांगतंय, भर प्रसंगात. "रथ निघाला, लोक रडू लागले" असं वर्णन नाही, थेट "थांब". आता संगीतकाराच्या बाजूने बघा. "लोक रडू लागले"ला चाल कुठलीही लावता येईल, दहा प्रकारे. पण "थांब सुमंता" म्हटलं की ओरडण्याची उंची, धावणाऱ्या गर्दीची घाई हे सगळं त्या क्रियापदातच आलेलं असतं. आज्ञार्थी क्रियापद नुसतं बोलून बघितलंत तरी आवाज वरखाली होतोच. म्हणून मी म्हणते की गदिमांनी बाबूजींच्या हातात नुसते शब्द नाही दिले, सूर कुठून उचलायचा ते ठिकाण दिलं. ह्याने बाबूजी लहान होत नाहीत हं. अशी ठिकाणं दिली तरी ती सगळ्यांना दिसतात असं नाही.

आणि हेच गायकांच्या बाबतीत. मूळ प्रसारणात एकट्या बाबूजींनी सगळी गाणी नाही म्हटली, ते नंतर कार्यक्रमांमुळे आणि रेकॉर्ड्समुळे आपल्या डोक्यात बसलंय. रेडिओवर माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, योगिनी जोगळेकर, सुरेश हळदणकर, राम फाटक, लता मंगेशकरांचंही एक गाणं. पात्र बदललं की आवाज बदलायचा. हे शक्य झालं कारण लिहितानाच प्रत्येक गाण्याला एक तोंड ठरलेलं होतं. कौसल्येचं एकटीचं कुढणं, "उगा का काळिज माझे उले", आणि लगेच पुढचं गाणं दशरथाचं, "उदास का तू". बायको मनातल्या मनात, नवरा विचारतोय का गं गप्प. हे कुठल्याही घरातलं संभाषण आहे, फक्त घर अयोध्येचं आहे.

आता एक गाणं जवळून. रामजन्माचं, ओळीने सहावं. ह्याची एक गोष्ट सांगतात की त्या रात्री गदिमांना गाणं सुचेना, खूप उशीर झाला, बायकोने, विद्याताईंनी, विचारलं अजून कसं होत नाहीये, तर ते म्हणाले की अगं रामाचा जन्म व्हायचाय, माडगूळकराचा नाही. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात पण गोष्ट मला पटते, कारण ते गाणं बघितलं की कळतं अडलं कुठे असेल ते. जन्म ही बातमी आहे. बातमी सांगितली की संपली. मग कडवंभर करायचं काय?

त्यांनी काय केलं, तर बातमी लांबवली. "चैत्रमास, त्यात शुद्ध नवमि ही तिथी". बरं, महिना कळला. "गंधयुक्त तरिहि वात उष्ण हे किती". वारा सुगंधी आहे पण गरम किती! मला ह्यातलं "तरिहि" फार आवडतं, चैत्रातला पुण्याचा दुपारचा वारा ज्याने खाल्लाय त्याला कळेल, आंब्याच्या मोहोराचा वास पण येतो आणि तोंडही भाजतं. मग तिसऱ्या ओळीत प्रश्न, भर दुपारी हा सूर्य डोक्यावर असा थांबलाय का गं? आणि तेव्हा कुठे उत्तर, राम जन्मला ग सखी. म्हणजे सांगणारी कोण, तर अयोध्येतली एक साधी बाई, राणी नाही, ऋषी नाही, कवी तर अजिबात नाही, मैत्रिणीला सांगतेय. पुन्हा तेच, बोलतंय कोण, कुणाशी.

आणि आता मात्रा मोजा, लघु अक्षराची एक, गुरूची दोन. चैत्र, तीन. मास, तीन. त्यात, तीन. शुद्ध, तीन. नवमि, तीन, आणि बघा मुद्दाम ऱ्हस्व, "नवमी" लिहिलं असतं तर चार झाल्या असत्या. पुढची ओळ, गंध, युक्त, तरिहि, वात, उष्ण, सगळे तीन तीन. आणि "राम" हा शब्द? तोही तीनच. म्हणजे पहिल्या अक्षरापासून पाळणा हलतोय, त्याच मापाचा जे माप बाळाच्या नावाचं आहे, फक्त बाळ अजून कडव्याच्या शेवटी यायचंय. ह्याला दादरा तालाच्या सहा मात्रा बसवायला संगीतकाराला काही जुळवाजुळव करावी लागत नाही, ठेका कागदावरच झुलतोय. हे गदिमांनी बोटं मोजून केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही, हा माणूस माडगूळच्या ओव्या-अभंगांत आणि कीर्तनात वाढलेला, माप कानात होतं. मला मात्र बोटं मोजावी लागतात, त्याचं वाईट वाटत नाही, मोजावीत.

दुसरं गाणं ह्याच्या अगदी उलट. भरत रामाला परत न्यायला आलाय, राम समजूत घालतोय, "पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा". ह्याचं माप बघा, "दैवजात दुःखे भरता" ह्यात चौदा मात्रा, मग थोडा श्वास, मग "दोष ना कुणाचा" दहा. प्रत्येक ओळ अशीच, चौदा, थांबा, दहा. मोठा भाऊ रडणाऱ्या धाकट्याशी बोलतो ना, एक वाक्य लांब, मग जरा थांबून एक छोटं, तसं. बाबूजींनी ह्याला यमन कल्याण राग दिला आणि कुठेही घाई केली नाही. चालीत विलाप नाही. चुलतआजोबांच्या दहाव्याला कुणीतरी हे गाणं लावलं होतं तेव्हा मी ११-१२ वर्षांची असेन, मोठी माणसं आधी रडत होती ती हे ऐकताना गप्प झाली, एवढं आठवतंय.

आणि ह्या गाण्यातली ती ओंडक्यांची ओळ. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ही गदिमांची स्वतःची कल्पना. ती मूळ वाल्मीकींची आहे, अयोध्याकांडात रामच भरताला सांगतो, "यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे", म्हणजे महासागरात लाकडाला लाकूड भेटावं आणि काही काळाने वेगळं व्हावं, तशी बायको-मुलं-नातेवाईक-धन. आता गदिमांनी काय केलं बघा. "दोन ओंडक्यांची होते सागरात भेट, एक लाट तोडी दोघां, पुन्हा नाही गाठ." "काष्ठ"चा ओंडका केला. काष्ठ म्हणजे समिधाही असू शकते, होमातली. ओंडका म्हणजे जड, ओला, पाण्यावर आडवा पडलेला, जो पुरात नदीकाठच्या माणसाने डोळ्यांनी वाहताना पाहिलेला असतो. मूळ श्लोकात वेगळं करणारा काळ आहे, इथे ती लाट झाली, दिसणारी. आणि "पुन्हा नाही गाठ" हे तर रोजच्या बोलण्यातलं, गाठभेट शब्द आपण किती सहज वापरतो, तो इथे तोडून अर्धा भेट वरच्या ओळीत आणि अर्धा गाठ खालच्या ओळीत. भेट-गाठ यमकही जुळतं आणि जोडशब्दसुद्धा लाटेने तोडल्यासारखा तुटतो. हे मला परवा परवा दिसलं, इतकी वर्षं गाणं तोंडपाठ असून.

लोक म्हणतात त्यांनी रामायण मराठीत आणलं. तेवढंच असतं तर भाषांतर झालं असतं, आणि भाषांतराला चाल लावून कुणी वर्षभर रेडिओसमोर बसत नाही. सांगतात की काही घरांत गाण्याच्या वेळी रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे.

ह्या केसमध्ये भांडणही आहे, आणि त्याशिवाय मजा नाही. पहिल्याच गाण्याच्या वेळची गोष्ट प्रसिद्ध आहे. रेकॉर्डिंगची वेळ झाली, बाबूजी म्हणतात शब्द कुठे आहेत, अण्णा, म्हणजे गदिमाच, म्हणतात मी तर तुझ्याकडे दिलेत, बाबूजी म्हणतात मिळालेच नाहीत. कागद हरवला होता. वादावादी झाली, लाडांनी मध्ये पडून अण्णांना एका खोलीत बसवलं आणि त्यांनी पंधरा मिनिटांत गाणं पुन्हा लिहून दिलं, "स्वये श्री रामप्रभू ऐकती". बाबूजींनी त्याला भूप राग लावला. ही गोष्ट नेहमी गदिमांच्या प्रतिभेचा पुरावा म्हणून सांगितली जाते, पंधरा मिनिटांत! मला त्यात दुसरंच दिसतं. शब्द हरवले पण गाणं हरवलं नव्हतं. कोण उभं आहे, कुठे उभं आहे, कोण ऐकतंय हे आधीच ठरलेलं असणार, राजसभा, सिंहासनावर राम, समोर दोन पोरं गातायत. एवढं पक्कं असेल तर शब्द पुन्हा येतात. नसेल तर पंधरा दिवस द्या, काही होत नाही, अनुभवाने सांगते.

आणि ते पहिलं गाणं किती धूर्त आहे बघा. "पुत्र सांगती चरित पित्याचे." आपल्याला माहिती आहे की ही पोरं रामाची. सिंहासनावर बसलेल्याला माहिती नाही. म्हणजे पुढची सगळी गाणी आपण रामाच्या खांद्यावरून ऐकतोय, आणि त्याच्यापेक्षा एक गोष्ट आपल्याला जास्त कळलेली आहे. कथेचा शेवट माहीत असणं ही रेडिओवरची सगळ्यात मोठी अडचण होती ना, तीच त्यांनी पहिल्या दिवशी कामाला लावली.

सगळंच सारखं जमलंय असं मी म्हणणार नाही. युद्धाच्या भागात मला थोडं दमल्यासारखं वाटतं, ढोल-नगारे, जयजयकार, तिथे बोलणारं तोंड हरवून वर्णन पुढे येतं आणि जिथे वर्णन आलं तिथली गाणी लोक कमी गुणगुणतात. तुम्हीच आठवून बघा, "भूवरी रावणवध झाला"ची किती कडवी येतात आणि "सेतू बांधा रे"ची किती. सेतू म्हणजे कामकऱ्यांचं गाणं आहे, दगड उचलताना म्हणायचं, तोंडं हजार असली तरी आहेत.

अजून एक गोष्ट, जी मला त्या पहिल्या ओळींच्या कागदावरच सापडली. रावणाला एकही गाणं नाही! सीता त्याला सुनावते, शूर्पणखा त्याला भडकवते, राम अंगदाकरवी त्याला निरोप पाठवतो, म्हणजे तो सतत ऐकतोय पण स्वतः गात नाही. शूर्पणखेला मात्र दोन गाणी. एक रामासमोर लाडात आलेली, "कोण तू कुठला राजकुमार", आणि दुसरं नाक कापल्यावर भावाच्या दरबारात. गाणं कुणाला द्यायचं नाही हे ठरवणंही गीतकाराचंच काम आहे आणि त्याचं कौतुक कधी होत नाही कारण न लिहिलेलं गाणं दिसतच नाही. रावणाला एक दमदार गाणं द्यायचा मोह मला तर आवरला नसता.

असाच न दिलेला एक जबाब शेवटी आहे. पंचावन्नावं गाणं, अरण्यात सोडायला आलेल्या लक्ष्मणाला सीता विचारते, मज सांग लक्ष्मणा, जाऊ कुठे. नाटकात असतं तर लक्ष्मण काहीतरी बोलला असता, डोळे पुसत. इथे त्याला गाणं नाही. पुढच्या आठवड्यात थेट वाल्मीकींचा आश्रम, भैरवी, "गा बाळांनो, श्रीरामायण", आणि संपलं. आठवडाभर तो प्रश्न घराघरांत तसाच लटकत राहिला असणार.

बरं, हे शेवटचं गाणं काळाच्या हिशोबाने पहिल्या गाण्याच्या आधीचं आहे, लक्षात आलं का? वाल्मीकी पोरांना शिकवून पाठवतायत, ती पोरं जाऊन राजसभेत गातात तिथे पहिलं गाणं सुरू होतं. म्हणजे १९५६ च्या रामनवमीला शेवट ऐकून परत पहिलं गाणं लावलंत तर सांधा दिसत नाही.

आणि आता त्या "टाक ना शब्द"वाल्या मित्राकडे परत येते, कारण तो वाद आमचा अजून चालूच आहे. त्या मालिकेचं गाणं आलं, ज्या अ‍ॅपवर आलं तिथे गायकाचं नाव मोठं, संगीतकाराचं बारीक, गीतकाराच्या जागी काहीच नाही. मित्र म्हणाला अगं मेटाडेटा कुणीतरी भरतं, राहिलं असेल. कायद्याने २०१२ पासून गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का झालाय, पण नावाचा रकाना भरणाऱ्या पोराला त्याचं काय. मी त्याला वाल्मीकींची गोष्ट सांगितली. उत्तरकांडात कुश-लवांना गायला पाठवताना ऋषी त्यांना व्यवस्थित ब्रीफ करतात, फळं-मुळं खाऊन गा म्हणजे आवाज बिघडणार नाही, सूर सांभाळा, धनाचा लोभ धरू नका. म्हणजे मानधनावर पाणीच. पण त्याच दमात हेही सांगून ठेवतात की राजाने विचारलं तुम्ही कुणाचे, तर वाल्मीकींचे शिष्य म्हणून सांगा.

मित्राने अंगठ्याचा इमोजी पाठवलाय. रकाना अजून रिकामाच आहे.